फलक वाचूया, काम शोधूया : बांधकाम परवानगीच्या नोंदी कशा वाचाव्यात?



मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि माझ्या पाचवीच्या वर्गातली एक मुलगी चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. ते फरशी बसवणारे मिस्त्री. लहान ठेके घेतात, हाताखाली चार माणसं. म्हणाले, "बाई, हातातलं काम संपलं. रोज नाक्यावर उभा राहतो, पण काही जमत नाही. आता पोरीला घेऊन दुसरीकडं जातो."

ते बोलत असताना वर्गाच्या खिडकीतून तीन नव्या इमारती दिसत होत्या. म्हणजे काम होतं. ते कुठं, कधी आणि कुणाला विचारायचं, एवढंच माहीत नव्हतं. मी दाखल्यासाठी आठ दिवस मागून घेतले.

माझी चूक

येता-जाता मी एका जागेवरचा फलक वाचला. परवानगीची तारीख अगदी ताजी होती. मला आनंद झाला आणि मी त्यांना लगेच तिकडं पाठवलं. तिथले इंजिनिअर म्हणाले, "अहो, आम्ही आत्ता पाया खणतोय. फरशीला अजून वर्ष-दीड वर्ष आहे." माझ्या अर्धवट वाचनापायी त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. वर्गात मी मुलांना नेहमी सांगते, "उतारा पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा." इथं मीच ते विसरले होते.

मग मी नीट अभ्यास केला. तो असा.

कोणता कागद, कोणतं काम?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार बांधकामाआधी महानगरपालिका, नगरपालिका अशा नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. पुढे टप्प्याटप्प्याने कागद मिळत जातात. प्रत्येक कागद म्हणजे एका कारागिराला आलेलं बोलावणंच समजा.

१. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र : खोदाई, सळई आणि सेंटरिंगवाल्यांची वेळ. विजेचे पाइप स्लॅब ओतण्याआधीच टाकतात, म्हणून वायरमननेही याच सुमारास विचारून ठेवावं.

२. जोते तपासणी : इमारत जोत्यापर्यंत आली. पुढे सांगाडा वर चढतो, मग वीटकाम आणि प्लास्टर. गवंड्यांनी आता भेटावं.

३. स्लॅब पूर्ण, आतली कामं सुरू : नळकाम, फरशी, दारं-खिडक्या, रंग. आमच्या मिस्त्रींची वेळ ही!

४. भोगवटा प्रमाणपत्र : लोक राहायला येणार. सुतार, ग्रिलवाले, जाळीवाले, ट्रॉलीवाले यांनी तयार राहावं.

आता तिसऱ्या टप्प्याचा वेगळा दाखला नसतो. मग तो कळायचा कसा? इथं महारेराचं संकेतस्थळ उपयोगी पडतं. मोठ्या गृहप्रकल्पांना तिथं नोंदणी करावी लागते. (५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेले प्रकल्प कायद्याने वगळले आहेत.) प्रकल्पाची माहिती कुणालाही मोफत पाहता येते. त्यात विकासक, वास्तुविशारद, अभियंता, पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख असते. शिवाय कोणतं काम किती टक्के झालं हेही असतं आणि ते दर तीन महिन्यांनी अद्ययावत करायचं असतं. स्लॅबपुढे १०० टक्के आणि आतल्या प्लास्टर-फरशीपुढे ० किंवा १० टक्के दिसलं, की समजा, दार ठोठवायची हीच वेळ.

छोट्या बांधकामांसाठी फलक हाच आधार. राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीनुसार परवानगी मिळाल्यावर जागेवर ठळक फलक लावावा लागतो. त्यावर मालक, वास्तुविशारद व ठेकेदार यांची नावं, सर्व्हे क्रमांक, परवानगीचा क्रमांक आणि तारीख असते.

वर्गातली कृती : फलक वाचन

उद्देश : परिसरातला मजकूर अर्थ समजून वाचणे, शंभरपैकी किती हे समजणे.

- मी स्वतः रस्त्यावरून फलकाचा फोटो काढला. मुलांना बांधकामाच्या जागी अजिबात नेऊ नये.
- फळ्यावर मजकूर लिहिला आणि विचारलं : परवानगी कधीची? आज किती महिने झाले? आता आत कोणतं काम चालू असेल?
- महारेराच्या पानावरचे टक्के वाचून मुलांनी शंभर चौकटींत रंग भरला.
- शेवटचा प्रश्न : "आपल्या घरातलं कोण इथं काम करू शकेल?"

या प्रश्नाला एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी सात-आठ मुलं एकदम बोलू लागली. सेंटरिंग म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावून सांगितलं!

पालकांसाठी चार गोष्टी

- घरमालकाला सारखे फोन करू नका. साइट इंजिनिअर, मुख्य ठेकेदार किंवा वास्तुविशारदाच्या कार्यालयात जाऊन भेटा.
- आधी केलेल्या कामाचे पाच-सहा फोटो आणि चौरस फुटाचा दर कागदावर लिहून न्या.
- वहीत तीन रकाने करा : जागा, कोणता टप्पा, पुन्हा कधी जायचं.
- काम ठरलं की दर, मोजमाप आणि पैसे कधी मिळणार हे लिहून घ्या. नोंद काम कुठं आहे ते दाखवते, पैशाची हमी देत नाही.

पुढे काय झालं?

त्या मुलीनेच वडिलांची वही लिहिली. पाच जागा निवडल्या. तीन ठिकाणी आधीच माणसं ठरलेली होती. एका ठिकाणी "महिन्यानं या" म्हणाले. पाचव्या जागी नमुन्यादाखल दोन फ्लॅटची फरशी मिळाली. काम आवडलं, मग पूर्ण मजला मिळाला. महिन्यानं "या" म्हणालेल्या जागीही ते गेले, कारण तारीख वहीत होती. दाखल्याचा अर्ज त्यांनी परत घेतला आणि मुलीनं पाचवीची वार्षिक परीक्षा आमच्याच शाळेत दिली.

सगळ्यांनाच असं यश येईल असं नाही. पण सगळ्यांसाठी खुली असलेली माहिती वाचता न आल्यामुळे एखाद्या मुलाची शाळा सुटू नये, एवढं तर आपण करू शकतो ना? वाचायला शिकवणं हेच तर आपलं काम आहे.

स्वाध्याय : शाळेच्या वाटेवरचा एक फलक या आठवड्यात पूर्ण वाचा आणि वर्गातल्या कोणत्या पालकाला त्याचा उपयोग होईल ते शोधा. तुमचा अनुभव नक्की कळवा.