सीताफळाचे डोळे आणि बिया : पाचवीच्या वर्गातला एक अभ्यास



'फुलापासून फळ कसं होतं' हा भाग आपण बहुतेक जण फळ्यावर जास्वंदीचं चित्र काढून शिकवतो. मीही तेच करायचो. आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. मागच्या एका ऑक्टोबरात मधल्या सुट्टीत मुलं सीताफळं खात बसली होती. त्यातल्या एकाने विचारलं, "सर, ह्या डोळ्यात गर हाय, पण बीच न्हाई. आसं कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. डी.एड.ला फुलाचे भाग पाठ केले होते, पण सीताफळाचं फूल मी तोवर हातात घेऊन बघितलंच नव्हतं.

मग वाचलं, बघितलं. आंब्याच्या फुलात एकच अंडाशय असतो, त्याचा एक आंबा होतो, आत एक कोय. सीताफळाच्या एका फुलात मात्र कितीतरी बारीक अंडाशय दाटीने बसलेले असतात. ते सगळे मिळून एक फळ होतं. म्हणजे आपण ज्याला डोळा म्हणतो तो एकेक अंडाशय. ज्याला परागकण मिळाला त्यात बी धरते, ज्याला नाही मिळाला त्यात धरत नाही. एका बाजूच्या बऱ्याच अंडाशयांना पराग मिळाले नाहीत तर फळ त्या बाजूला दबतं. बाजारात वाकडं सीताफळ दिसतं ना, त्याचं एक कारण हेच.

दुसऱ्या दिवशी वर्गात मोजणी केली. एका फळात ७१ डोळे आणि ४४ बिया निघाल्या. मुलांनी वजाबाकी करून सांगितलं, "२७ डोळे उपाशी ऱ्हायले." मी तोच शब्द वहीत उतरवून घेतला.

पराग का मिळत नाही? या फुलात स्त्रीभाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतात. फुलाचे पराग बाहेर पडतात तेव्हा त्याचाच स्त्रीभाग सुकत आलेला असतो. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलातून यावा लागतो, आणि तो आणतात बारीक भुंगेरे. मधमाशी इथे फारशी येत नाही. तीन जाड पाकळ्यांचं, खाली तोंड केलेलं हिरवट फूल. लांबून तर ते फूल वाटतही नाही.

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा झाडं फुलावरच होती. पूर्ण उमललेल्या फुलांचे पराग सकाळी कागदावर झटकून घेतले आणि चित्रकलेच्या मऊ ब्रशने अर्धवट उमललेल्या दहा फुलांना लावले. त्यांना लाल दोरा. दुसरी दहा फुलं तशीच सोडली, त्यांना पांढरा. लाल दोऱ्याची पाच फळं टिकली, पांढऱ्याचं एक. दहा फुलांवरून काही सिद्ध होत नाही हेही मुलांना सांगितलं. पण संशोधन केंद्रांतही हाताने परागीकरण याच पद्धतीने करतात.

असं केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे. तिथून निवड पद्धतीने 'धारूर-६' हे वाण पुढे आलं. निवड पद्धत म्हणजे काय? बियांपासून आलेली झाडं एकसारखी नसतात. एकाची साल जाड, एकात बिया कमी, एकाचे डोळे मोठे. त्यातलं चांगलं झाड हेरायचं, अनेक वर्षं तपासायचं, आणि मग कलमाने वाढवायचं. सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यात एका शेतकऱ्याने 'एनएमके-१ गोल्डन' असंच हेरून पुढे आणलं. वाणाची नोंद करायची तर ते इतरांपेक्षा वेगळं, एकसारखं आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहणारं आहे हे दाखवावं लागतं. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यालाही तो हक्क दिलाय. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कलमांच्या बागा वाढताना बांधावरची, डोंगरातली बियांची झाडं तुटत चालली आहेत. उद्याची निवड ज्यातून करायची, तीच ही झाडं.

त्यांची ओळख कुणाला आहे? माझ्या वर्गातल्या पोरांना. "ते नाल्याकडचं झाड आधी पिकतं, बिया थोड्या, पण साल चिकटती." आम्ही अशा अकरा झाडांना नंबर दिले. झाडाची जागा, पिकायचा महिना, डोळे, बिया आणि गराची चव एवढेच रकाने वहीत आखले. चवीच्या रकान्यावरून भांडणं झाली, ती होणारच.

पालकांनी एक ध्यानात ठेवावं. बिया मोजल्यावर मुलांना हात धुवायला लावा, आणि बिया ठेचू देऊ नका. त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. उवांसाठी ती डोक्याला लावतात, तेही टाळा.

बी नसलेल्या डोळ्याचा प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराचं एक लाल दोऱ्याचं फळ होतं. ते तयार व्हायच्या आत त्याच्या आईवडिलांचा कोयता कारखान्याला निघाला. उचल घेतलेली होती, घरी आजी नाही, आणि आमच्या गावात त्या वर्षी हंगामी वसतिगृह सुरू व्हायला उशीर झाला. टेम्पोत बसायच्या आधी तो वही देऊन गेला. "सर, डोळ्याच्या मधल्या रेषा पिवळ्या पडल्या की मगच तोडा. आन् मोजून सांगा."

आठ दिवसांनी फळ तोडलं, वर्गात मोजलं. वडिलांच्या मोबाइलवर फोन लावला तेव्हा तो फडात होता, मागे मोळ्या बांधायचा आवाज येत होता. "८३ डोळे, ६९ बिया," मी सांगितलं.

थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजी चवदाच उपाशी. सर, त्याच्या बिया ठिवा, मी आल्यावर लावतो."

बिया कागदाच्या पुडीत, कपाटात ठेवल्या आहेत. वर झाडाचा नंबर लिहिलाय, ७.