धूळ कशी मोजतात?

धूळ मोजता येते का? मला वाटायचे, झाडून काढली की संपली, मोजायची कशाला! पण दिवाळीच्या सुट्टीत मी मामाबरोबर सीबीडी बेलापूरला गेलो आणि मला बरेच कळले.

माझा मामा बारा वर्षे खडीच्या क्रशरवर कामाला होता. बेलापूरच्या मागे पारसिकचा डोंगर आहे. १९७० साली सिडको निघाली आणि नवी मुंबई बांधू लागले. त्यासाठी पुष्कळ खडी याच डोंगराच्या खाणींतून निघाली. कातलेला डोंगर अजून दिसतो. मामा घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्या पांढऱ्या असायच्या. आम्ही पोरे हसायचो. आता त्याला जिना चढताना दम लागतो.

पनवेलहून लोकलने चौथे स्टेशन बेलापूर. दवाखान्यात टेबलावर एक छोटे यंत्र होते, त्याला नळी. त्याचे नाव स्पायरोमीटर. बाईंनी मामाच्या नाकाला चिमटा लावला. मला हसू आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दादा, छाती भरून श्वास घ्या आणि एकदम जोरात सोडा. थांबू नका, सोडा, सोडा!" असे तीनदा केले. मामा घामाघूम झाला. पहिल्या सेकंदात किती हवा आली आणि सगळी मिळून किती आली, हे यंत्र सांगते. वय आणि उंचीवरून ती किती यायला हवी याचा तक्ता असतो. मामाची कमी आली.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "खाणीत लागण्याआधी कधी अशी तपासणी झाली होती का?" मामा म्हणाला, "नाय बाय, तवा कोन मोजतंय?" मामा विडीपण ओढतो. मग धुळीने किती बिघडले आणि विडीने किती, ते आता नक्की सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या. मामा गप्प बसला.

शाळेत मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, पापणीवर दिसते ती जाड धूळ. ती बरीचशी नाकात अडकते. मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण छातीत उतरतात, अडीचपेक्षा बारीक तर पार खोल जातात. म्हणजे आम्ही हसायचो ती धूळ वेगळी आणि मामाच्या आत गेली ती वेगळी!

हवेतली धूळ मोजायला यंत्र हवा ओढून गाळणकागदातून सोडते. कागद आधी तोलतात, धूळ बसल्यावर परत तोलतात. आधी तोलला नाही तर सगळे फुकट. आपल्या देशात २००९ पासून नियम आहे की एक घनमीटर हवेत दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ दिवसभराच्या सरासरीने १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. शिशासारखा धातू अंगात गेला तर फुंकून कळत नाही, त्याला रक्त तपासावे लागते.

दगडात सिलिका असते, तिच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. आपल्या काळ्या दगडात ती फार कमी असते, पण म्हणून त्याची धूळ चांगली असे नाही. मध्य प्रदेशात मंदसौरला दगड कापून पाटीवरच्या पेन्सिली करायचे. तेथल्या कामगारांना हा रोग झाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांना तपासले होते. मी पहिलीत पेन्सिल खायचो. ती कोणी कापली असेल, हे मला कधी सुचलेच नाही.

आमच्या वर्गात दर वर्षी उंची आणि वजन घेतात. माझी तिसरीतली उंची वहीत आहे, म्हणून मी चार बोटे वाढलो हे कळते. मामाचा पहिला आकडा कुठेच नाही. दवाखान्याचा कागद मामीने रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. पुढच्या दिवाळीत परत फुंकायला बोलावले आहे. मीपण जाणार आहे.

— इयत्ता ४ थी