जमिनीचा वारस

(जमिनीखाली मौल्यवान खनिज असेल, तर त्या जमिनीचे काय करायचे हे कोणी ठरवावे? ऑस्ट्रेलियातील एका जागेची खरी हकीकत या पाठात सांगितली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, जमीन, मालक, करार, परवाना आणि वारस हे पाच शब्द मराठीत नेहमी वापरले जातात. त्यांचे अर्थ तुम्हांला सांगावे लागणार नाहीत. हे शब्द तुमच्या घरातही बोलले जातात. आजचा पाठ याच पाच शब्दांचा आहे.

युरेनियम हा एक जड धातू आहे. तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे नाव तुम्ही ऐकले असेल. आपल्या महाराष्ट्रातील हे केंद्र १९६९ साली सुरू झाले. अशा केंद्रात युरेनियमपासून उष्णता मिळते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या जोरावर वीज तयार होते. म्हणून युरेनियमला मोठी मागणी आहे.

पण हा धातू सापडतो कसा? खनिज शोधणारी कंपनी प्रथम नकाशे आणि जुन्या नोंदी पाहते. जेथे युरेनियम असण्याचा संभव वाटतो, त्या जमिनीसाठी ती सरकारकडे परवाना मागते. युरेनियम असलेल्या खडकातून डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर पडतात. विमानात उपकरण बसवून किंवा गायगर काउंटर हातात घेऊन त्या किरणांचा शोध घेतला जातो. मग यंत्राने जमिनीत खोल छिद्रे पाडतात आणि आतील दगड प्रयोगशाळेत तपासतात. बहुतेक ठिकाणी हाती काहीच लागत नाही. एखाद्याच ठिकाणी मोठा साठा सापडतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. शोध घेण्याचा परवाना मिळाला, म्हणजे कंपनी जमिनीची मालक झाली असे नाही.

आता आपण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात जाऊ. तेथे काकाडू नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० हजार चौरस किलोमीटर आहे. तेथील मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून या भूमीत राहत आले आहेत. त्यांच्या पूर्वजांनी खडकांवर काढलेली चित्रे आजही पाहायला मिळतात.

या भागात कुंगारा नावाची जागा आहे. १९७० साली तेथे युरेनियमचा साठा सापडला. १९७९ साली राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा कुंगाराची सुमारे १२ चौरस किलोमीटर जमीन उद्यानाबाहेर ठेवण्यात आली. चारी बाजूंनी उद्यान आणि मध्ये हा तुकडा! पुढे अरेवा या फ्रेंच कंपनीला तेथे खाण काढायची होती. जमिनीखाली सुमारे १४ हजार टन युरेनियम असल्याचा अंदाज होता.

परंतु त्या प्रदेशात १९७६ साली एक महत्त्वाचा कायदा झाला होता. मूळ रहिवाशांच्या जमिनीवर खनिजाचा शोध घ्यायचा असेल, तर त्या जमिनीच्या पारंपरिक मालकांची संमती घ्यावी लागते, असे हा कायदा सांगतो. सगळ्यांचे उत्तर सारखेच येते असे मात्र नाही. काही ठिकाणी मालकांनी करार करून शोधाला संमतीही दिली आहे.

कुंगाराची जमीन ज्योक या कुळाची आहे. जेफ्री ली हे या कुळाचे ज्येष्ठ वारस. ते काकाडू उद्यानात रक्षकाचे काम करत. त्यांनी खाणीला संमती दिली असती, तर ते फार श्रीमंत झाले असते. त्यांनी नकार दिला. ही जागा पूर्वजांची आहे, येथे पवित्र स्थळे आहेत आणि ती सांभाळणे हे आपले कर्तव्य आहे, असे ते सांगत राहिले.

त्यांची काळजी निराधार नव्हती. युरेनियम काढून घेतल्यावर खडकाचा जो चुरा उरतो, त्यातून हजारो वर्षे घातक किरण बाहेर पडत राहतात. काकाडूच्या वेढ्यातच रेंजर नावाची खाण होती. तेथे सुमारे ४० वर्षे युरेनियम तयार झाले. जानेवारी २०२१ मध्ये ते काम बंद झाले, पण जमीन पूर्वीसारखी करण्याचे काम त्यानंतरही चालू ठेवावे लागले. खाण बंद करता येते. पण तिची जबाबदारी लगेच संपत नाही.

जून २०११ मध्ये पॅरिस येथे जागतिक वारसा समितीची बैठक झाली. जेफ्री ली तेथे गेले. समितीने कुंगाराचा समावेश काकाडूच्या जागतिक वारसा क्षेत्रात केला. २०१३ साली ही जमीन राष्ट्रीय उद्यानातही सामील झाली. जो तुकडा बाहेर ठेवला होता, तो आत आला आणि खाणीचा प्रश्न मिटला.

मित्रांनो, विजेची गरज तुम्हां-आम्हांला आहेच. खनिजाशिवाय जगाचे काम चालत नाही, हेही खरे. म्हणून खनिज शोधणारा प्रत्येक जण वाईट, असे समजू नका. मात्र जमिनीखाली काय आहे हे विचारण्याआधी, त्या जमिनीवर कोण आहे हे विचारले पाहिजे. ज्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे, त्याच्याच ‘होय’ला किंमत असते.

वारसाला पूर्वजांकडून काही मिळते, हे आपल्याला माहीत आहे. पण जे मिळाले ते सांभाळून पुढच्या पिढीला देणे, हेही वारसाचेच काम असते.

शब्दार्थ
संभव – शक्यता. साठा – एका जागी असलेला माल. संमती – होकार, मान्यता. कूळ – घराणे. निराधार – ज्याला आधार नाही असे. कर्तव्य – करायलाच हवे असे काम.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कुंगारा येथे युरेनियमचा साठा कोणत्या साली सापडला?
(आ) १९७६ चा कायदा काय सांगतो?
२. जेफ्री ली यांनी खाणीला नकार का दिला, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. वाक्यात उपयोग करा : परवाना, करार, वारस.
४. वर्गात दोन गट करा. एका गटाने विजेच्या गरजेची बाजू मांडावी, दुसऱ्याने जमीन राखण्याची.