संगणकीय दप्तराचे स्थलांतर : चुका आणि दक्षता

ग्रामपंचायतीची कर आकारणी असो की शाळेची पटनोंदणी, यांच्या नोंदी आज संगणकातील फायलींतही ठेवल्या जातात. जुना संगणक बदलताना या फायली अन्यत्र न्याव्या लागतात. कागदी दप्तर हलविताना गठ्ठे मोजून ताब्यात घेण्याची शिस्त कार्यालयांना परिचित आहे. संगणकीय दप्तरालाही तीच शिस्त लावणे अगत्याचे होय.

नक्कल आणि स्थलांतर

नक्कल करताना मूळ फाईल जागेवरच राहते. स्थलांतराचे मात्र दोन प्रकार संभवतात. डिस्कच्या एकाच विभागात फाईल हलविल्यास मजकूर जागचा हलत नाही. केवळ सूचीतील नोंद बदलते. दुसऱ्या डिस्कवर नेताना संगणक आधी नक्कल करतो व नंतर मूळ फाईल पुसतो. मध्येच वीज गेल्यास काही फायली जुन्या जागी, काही नव्या जागी व एखादी अर्धवट अशी स्थिती उद्भवते. म्हणून महत्त्वाचे दप्तर थेट हलवू नये. प्रथम नक्कल, मग पडताळणी आणि त्यानंतरच मूळ फाईल पुसणे, हा क्रम पाळावा.

अडथळ्यांची कारणे

अडथळा आल्यास संगणक सूचना देतो. ती न वाचता फाईल वगळण्याचे बटण दाबल्यास ती फाईल मागे राहते आणि काम पूर्ण झाल्याचा भास होतो. वस्तुतः कारणे बहुधा ठरावीक असतात. फाईल अन्य प्रोग्रॅममध्ये उघडी असेल, तर ती बंद करावी. विंडोजमध्ये फोल्डरांसह नाव २६० अक्षरांच्या मर्यादेबाहेर गेल्यास नाव आखूड करावे. पेन ड्राइव्ह रिकामा असूनही मोठी फाईल नाकारली गेल्यास त्याची रचना 'फॅट-३२' प्रकारची असण्याचा संभव आहे. तीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाईल मावत नाही. २००६ मध्ये आलेल्या 'एक्सफॅट' रचनेत ही अडचण नाही. परंतु रचना बदलताना आतील सर्व मजकूर पुसला जातो, याचे भान ठेवावे. वाचनदोषाची सूचना वारंवार येत असेल, तर डिस्क निकामी होत असल्याची शंका घ्यावी व सर्वांत महत्त्वाच्या फायली आधी वाचवाव्यात.

पडताळणी

दोन्हीकडील फायलींची संख्या व एकूण बाइट जुळवून पाहावेत. तथापि, आकार सारखा म्हणजे मजकूर सारखा, असे नव्हे. 'शा-२५६' ही गणनपद्धती प्रत्येक फाईलवरून ६४ चिन्हांची खूण काढते. मजकुरात अल्पसाही फरक पडला तरी ती खूण बदलते. विंडोजमधील 'सर्टयुटिल' या आज्ञेने ती काढता येते. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी तो सुरक्षितपणे विलग करण्याची आज्ञा द्यावी. अन्यथा शेवटचा मजकूर लिहिला जाण्याचा राहून जाऊ शकतो.

एक फाईल मागे राहिली, तर एखाद्या विद्यार्थ्याचा दाखला अडतो, एखाद्या खातेदाराने भरलेला कर थकीत दिसतो. मूळ फाईल पुसण्यापूर्वी पडताळणीसाठी दिलेला वेळ अशा नागरिकांचे हेलपाटे वाचवू शकतो.