पायगाडीवरचा पांथस्थ

फ्रान्सच्या मध्यभागापासून काहीसे आग्नेयेला सेंत एत्येन नावाचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकात त्याची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. भूगर्भातून निघणारा काळा कोळसा आणि मागांवर विणल्या जाणाऱ्या रंगीबेरंगी रेशमी फिती! शहराच्या दक्षिणेस डोंगराची रांग आहे आणि ती ओलांडून रोन नदीच्या खोऱ्यात उतरणारा एक जुना रस्ता आहे. हा रस्ता ज्या खिंडीतून पलीकडे जातो, तिला 'कोल द ला रेप्युब्लिक', म्हणजे प्रजासत्ताकाची खिंड, असे म्हणतात. समुद्रसपाटीपासून तिची उंची ११६१ मीटर आहे. शहरातून निघाले की बारा-तेरा किलोमीटरांच्या वाटेत जवळजवळ सहाशे मीटर वर चढावे लागते. पाय गाडीच्या पायडलांवर असले, म्हणजे हे सहाशे मीटर किती असतात ते मांड्यांना विचारावे!

याच चढणीवर सायकलीच्या इतिहासातील एका मोठ्या वादाचे बीज रुजले. त्या वादाचे नायक होते पॉल द व्हिव्ही. त्यांचा जन्म १८५३ साली, दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतातील पेर्न या लहानशा गावी झाला. ग्रीक व लॅटिन ग्रंथांची त्यांना मनापासून गोडी होती. व्यवसाय मात्र रेशमाचा होता आणि त्यानिमित्त ते सेंत एत्येन येथे स्थायिक झाले होते. १८८१ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी पहिली पायगाडी घेतली. त्या काळची ती गाडी म्हणजे पुढे पुरुषभर उंचीचे भले मोठे चाक आणि मागे इवलेसे चाक. पडणाऱ्याचे हातपाय शाबूत राहिले तर ते त्याचे नशीब! परंतु या गाडीने त्यांना असे वेड लावले की, अवघ्या सहा वर्षांत त्यांनी रेशमाचा व्यापार सोडला, सायकलींचे दुकान थाटले आणि सायकलस्वारांसाठी एक मासिकही सुरू केले. त्या मासिकात ते 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत. फ्रान्समध्ये सायकलीला 'व्हेलो' म्हणतात. त्यावरून हे नाव. पुढे लोक त्यांना याच नावाने ओळखू लागले.

असे सांगतात की, एके दिवशी व्हेलोसिओ ती खिंड चढत होते. धाप लागली होती, अंगातून घाम निथळत होता. इतक्यात मागून एक तरुण आला आणि तोंडातील चिलीम न काढता आरामात त्यांच्या पुढे निघून गेला. तरुण अंगाने दणकट असेलही. पण व्हेलोसिओ यांच्या मनाला एक प्रश्न चाटून गेला. सपाटीवर वाऱ्यासारखी धावणारी आपली गाडी चढावर एवढी जड का होते? हा दोष पायांचा की गाडीचा?

या प्रश्नाचे उत्तर दातेरी चाकांच्या साध्या हिशेबात आहे. समजा, पायडलाजवळच्या दातेरी चाकाला ४८ दाते आहेत आणि मागच्या दातेरी चाकाला १६. मग पायडलाचा एक फेरा पुरा होतो तेव्हा मागचे चाक तीनदा फिरते. चाकाचा परीघ दोन मीटर धरला, तर एका फेऱ्यात गाडी सहा मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे उत्तम. परंतु चढावर त्या सहा मीटरांत गाडीसह अंगाचे सारे ओझे वर उचलावे लागते. मागे १६ ऐवजी २४ दात्यांचे चाक असेल, तर एका फेऱ्यात गाडी चारच मीटर जाईल. फेरे अधिक मारावे लागतील, पण प्रत्येक फेऱ्याला जोर कमी पुरेल. गडावर चढताना हात-हात उंचीच्या पायऱ्यांनी छाती फुटते आणि वीत-वीत उंचीच्या पायऱ्या म्हातारी माणसेही चढून जातात. गडाची उंची मात्र तेवढीच राहते. तसेच हे. व्हेलोसिओ यांनी आपल्या गाडीला लहानमोठी दोन दातेरी चाके बसविली. चढ आला की खाली उतरायचे आणि साखळी हाताने एकावरून काढून दुसऱ्यावर घालायची. पुढे दोनाच्या तीन, तीनाच्या चार गती झाल्या. न उतरता, साखळी आपोआप एका चाकावरून दुसऱ्यावर सरकविण्याची युक्तीही निघाली. ती एकट्याची नव्हे. इंग्लंड व फ्रान्समधील कित्येक कारागिरांनी तिच्यासाठी आपली बुद्धी झिजविली. व्हेलोसिओ यांनी मात्र अशी प्रत्येक नवी रचना स्वतः डोंगरात नेऊन पारखली आणि तिचे गुणदोष मासिकातून निर्भीडपणे मांडले. आपण याला आज 'गिअर' म्हणतो.

अशा उपयुक्त गोष्टीचे स्वागतच झाले असेल, असे कोणालाही वाटेल. पण तसे झाले नाही. आंरी देग्रांज हे त्या वेळचे नामांकित संपादक. १९०३ साली 'तूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध सायकल-शर्यत त्यांनीच सुरू केली. सहा टप्प्यांत २४०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापण्याची ती शर्यत होती आणि तिच्या दुसऱ्याच टप्प्यात व्हेलोसिओ यांची ती खिंड लागत असे. देग्रांज यांना गिअर मुळीच मान्य नव्हता. चढ जिंकावा तो स्नायूंच्या बळावर, यंत्राच्या युक्तीने नव्हे. गिअर हवा तर तो पंचेचाळिशी उलटलेल्यांना, असे त्यांचे म्हणणे. त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. शर्यत ही माणसामाणसांतील असते. तेथे साधन शक्य तितके साधे असावे, हा आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु रस्त्यावर निघणारा प्रत्येक जण काही शर्यतीसाठी निघत नाही. १९०२ साली एका डोंगराळ वाटेवर दोन्ही तऱ्हांच्या गाड्यांची परीक्षा घेण्यात आली. तेव्हा तीन गतींच्या गाडीवर बसलेल्या मार्त एस नावाच्या स्त्रीने, एकाच गतीची गाडी चालविणाऱ्या एका कसलेल्या स्वाराला मागे टाकले. तिने वाटेत एकदाही पाय जमिनीला टेकविला नाही, हे वृत्तपत्रांनी आवर्जून नमूद केले. देग्रांज मात्र आपल्या मतापासून तिळभरही ढळले नाहीत.

व्हेलोसिओ यांच्या दृष्टीने प्रश्न शर्यतीचा नव्हताच. कारकून, शिक्षक, खाणीतला मजूर, घरातील स्त्रिया, वृद्ध माणसे यांना स्वतःच्या पायांनी स्वतःचा देश पाहता यावा, ही त्यांची तळमळ होती. आगगाडी ठरलेल्या रुळांवरून पळते. पायी चालणारा फार दूर जाऊ शकत नाही. सायकल या दोहोंच्या मधली. म्हणून प्रवास कसा करावा याविषयीही त्यांनी काही नियम घालून दिले होते. भूक लागण्यापूर्वी थोडे खावे व तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे. आरंभी जोर लावू नये. अंगात इतके त्राण उरलेच पाहिजे की, मुक्कामी पोहोचल्यावर अन्न गोड लागेल व झोप येईल. प्रवासात दारू, तंबाखू आणि मांस वर्ज्य करावे. दुसऱ्याला दाखविण्यासाठी पायडल मारू नये. ते स्वतः शाकाहारी होते आणि साठी उलटल्यावरही रात्रभर सायकल चालवून पहाटेचा सूर्य भलत्याच प्रांतात पाहण्याचा त्यांना छंद होता.

ईस्टरच्या सुट्टीत ते सोबत्यांसह प्रोव्हान्सकडे जात. आज एखादा प्रवासी सेंत एत्येनहून तिकडे जाऊ लागला, तर चार टप्प्यांत हा प्रवास बेताबेताने होतो. पहिल्या दिवशी ती खिंड. वर फर वृक्षांचे दाट अरण्य आहे आणि उन्हाळ्यातही सावलीत गारवा असतो. खिंडीच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस लुआर नदीतून अटलांटिक महासागराला मिळतो. दक्षिण उतारावरचा रोन नदीतून भूमध्य समुद्राला. काही पावलांच्या अंतरावर पाण्याच्या थेंबांची अशी ताटातूट होते. पुढे लांबच लांब उतार. उतारावरील आनोने या गावी कागद तयार करणाऱ्या माँगोल्फिए बंधूंनी ४ जून १७८३ रोजी गरम हवेचा फुगा लोकांसमोर आकाशात सोडला. सायंकाळी रोनच्या काठी तुर्नों येथे मुक्काम करावा. नदीपलीकडच्या टेकडीवर द्राक्षांचे मळे पायऱ्यापायऱ्यांनी चढलेले दिसतात.

वाटेवरच्या खेड्यांची ठेवण साधारणपणे एकसारखी असते. दुरून प्रथम चर्चचा मनोरा दिसतो. मग गावाच्या नावाची पाटी. आत शिरल्यावर ध्वज लावलेली ग्रामपंचायतीची कचेरी, चिनारच्या जातीची छायादार झाडे, लांबट पावांचा खमंग वास सोडणारी भट्टी. आणि जवळजवळ प्रत्येक गावात १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा दगडी स्तंभ. चारदोनशे वस्तीच्या गावातही त्यावर नावांची रांग लांब असते. मोटारीतून जाणाऱ्याला हे स्तंभ दिसत नाहीत. सायकलवाला मात्र पाणी भरण्यासाठी तेथेच थांबतो. गाव संपले की पुन्हा तीच पाटी, पण नावावर तिरपी लाल रेघ मारलेली.

दुसऱ्या दिवशी नदीच्या सोबतीने दक्षिणेकडे. व्हालान्स शहर मागे टाकून माँतेलिमारला पोहोचावे. मध, बदाम आणि अंड्यातील पांढरा बलक यांच्या 'नूगा' नामक मिठाईसाठी हे गाव नावाजलेले आहे. तिसऱ्या दिवशी दोंझेरची अरुंद घळ ओलांडली की प्रदेशाचा रंगच पालटतो. ऑलिव्हची झाडे दिसू लागतात, रानात सुगंधी झुडपे येतात, ऊन कडक होते. येथे 'मिस्त्राल' नावाचा उत्तरेचा थंड वारा राज्य करतो. कधी कधी त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांपर्यंत जातो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीवर हात ठेवून ढकलतो. परतणाऱ्याची मात्र दमछाक करून सोडतो. शेतकऱ्यांनी शेतांच्या कडेने सायप्रस वृक्षांच्या भिंतीसारख्या दाट रांगा लावल्या आहेत, त्या पूर्व-पश्चिम. जुन्या घरांना उत्तरेच्या बाजूस खिडक्या क्वचितच आढळतात. हे पाहिले, की वाऱ्याची दिशा नकाशाविना कळते.

तिसरा मुक्काम ओरांज. येथील रोमन नाट्यगृहाच्या रंगमंचामागे १०३ मीटर लांब व ३७ मीटर उंच अशी दगडी भिंत सुमारे दोन हजार वर्षे उभी आहे. चौथ्या दिवशी तीसेक किलोमीटरांवर आविन्यों. चौदाव्या शतकात पोप रोम सोडून येथे राहत. त्यांचा किल्ल्यासारखा प्रासाद अजून भक्कम आहे. शेजारच्या जुन्या पुलाच्या बावीस कमानींपैकी मात्र चारच उरल्या आहेत. उरलेला पूल रोन नदीने नेला. आविन्योंच्या पूर्वेस, तासा-दीड तासाच्या वाटेवर, कारंज्यांसाठी प्रसिद्ध असलेले पेर्न आहे. व्हेलोसिओ यांचे जन्मगाव ते हेच.

२७ फेब्रुवारी १९३० रोजी, सेंत एत्येन शहरात सायकल हाती धरून रस्ता ओलांडत असता, एक मोटार चुकविण्यासाठी ते मागे सरले आणि ट्रामच्या धडकेने मृत्यू पावले. त्या दिवशी सकाळी ते सेनेका या रोमन तत्त्वज्ञाचा ग्रंथ वाचत होते, असे सांगतात.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९३६ साली, फ्रान्समध्ये कामगारांना वर्षातून दोन आठवडे भरपगारी सुट्टी देणारा कायदा झाला. त्या उन्हाळ्यात कारखान्यांतील हजारो तरुण-तरुणी सायकलींवर सामान बांधून निघाल्या. काहींच्या गाड्या दोघांनी मिळून चालविण्याच्या होत्या. त्यांच्यापैकी कित्येकांनी समुद्र त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. गिअर मात्र तूर द फ्रान्स शर्यतीत अजूनही निषिद्ध होता. चढाच्या पायथ्याशी स्वार खाली उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत आणि मग पुढे जात. साखळी सरकविणाऱ्या गिअरला त्या शर्यतीत परवानगी मिळाली ती १९३७ साली, देग्रांज यांच्या हातून शर्यतीची सूत्रे गेल्यानंतर.

व्हेलोसिओ यांच्या हयातीतच, १९२२ सालापासून, त्यांच्या सन्मानार्थ सेंत एत्येनचे सायकलस्वार एकत्र जमून ती खिंड चढू लागले. आज खिंडीच्या माथ्यावर त्यांचे स्मारक उभे आहे. आता हाताच्या बोटाने कळ दाबताच साखळी एका चाकावरून दुसऱ्यावर जाते, आणि सत्तरी गाठलेले आजोबाही तेथपर्यंत पायडल मारीत येतात. वर आल्यावर घटकाभर झाडाखाली टेकतात आणि दक्षिणेकडे जाणारा उतार पाहतात.

स्वाध्याय

१. पुढच्या चाकाला ४२ दाते आहेत. मागे १४ दात्यांचे व २१ दात्यांचे अशी दोन चाके आहेत. पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक प्रत्येक वेळी कितीदा फिरेल? चढावर कोणते चाक निवडाल?
२. देग्रांज यांचे म्हणणे कोणत्या प्रसंगी योग्य ठरते व कोणत्या प्रसंगी नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. प्रोव्हान्समधील शेतकरी सायप्रसच्या रांगा पूर्व-पश्चिम का लावतात?
४. वाक्यांत उपयोग करा : तिळभरही न ढळणे, दमछाक करणे, बुद्धी झिजविणे, ताटातूट होणे.