चाकांची वीण आणि तिची उलट बाजू

पैसे घेऊन हस्तकला शिकविणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने आपल्या नमुन्याची सुलट बाजू कितीही कौतुकाने दाखविली, परंतु उलट बाजू पाहू देण्यास मात्र टाळाटाळ केली, तर त्या ठिकाणी शुल्क भरण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, असे मी आता माझ्या ओळखीच्या प्रत्येक स्त्रीला निक्षून सांगत असते. हे सांगताना माझ्या स्वरात कटुता येते हे मला ठाऊक आहे. ती लपविण्याचे मला काही कारण दिसत नाही.

क्रोशाच्या ज्या विणीपायी हे सारे घडले ती वीण मनोहर आहे, हे आधी नमूद केले पाहिजे. इंग्रजी पुस्तकांत तिला संत कॅथरीनच्या चाकाचे नाव दिलेले असते. आपल्याकडे तिला कुणी चाकांची वीण म्हणते, कुणी चक्राची. एका रंगाच्या वर्तुळांची रांग, तिच्या खाचांत नेमकी बसलेली दुसऱ्या रंगाच्या वर्तुळांची रांग, आणि प्रत्येक वर्तुळाच्या मध्यबिंदूतून चहूकडे फाकलेले आरे, असे तिचे रूप असते. भाचीच्या रुखवतात मांडण्यासाठी टेबलावरचा रुमाल या विणीत करावा असे मी मनाशी ठरविले. साखळी, मुका खांब, खांब हे सारे मला शाळेत असल्यापासून येत होते. हवी होती ती केवळ या एका विणीची रीत. म्हणून वर्ध्यातील एका वर्गात मी नाव घातले. वर्गाचे वा बाईंचे नाव मी येथे देणार नाही.

बाईंचे नमुने सारे काचेच्या चौकटीत जडविलेले किंवा जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले असत. एखादा हातात घेऊन पाहू द्या म्हटले, तर हाताळल्याने मळतात, असे उत्तर ठरलेले. मी विणलेली पट्टी ओळीगणिक अरुंद होत चालली, चाके जुळेनात, चाकाचा खालचा भाग एका रंगाचा आणि वरचा भाग दुसऱ्याच रंगाचा येऊ लागला, तेव्हा मी ती बाईंपुढे ठेवून कारण विचारले. साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, ‘‘काकू, तुमचा हातच घट्ट आहे. वयानं होते असं. हात सैल सोडा न जरा.’’ त्यानंतर मी हात सैल सोडला, सुई एक नंबर मोठी घेतली. पट्टी अरुंद व्हायची ती होतच राहिली, आणि दर वेळी तेच उत्तर, तोच वयाचा उल्लेख. ज्या बाईला कारण पक्के ठाऊक होते तिने दुसऱ्याच्या हाताला दोष द्यावा, यातील क्रौर्य मला आजही सहन होत नाही.

धाग्याचीही तीच कथा. धागा बाईंकडूनच घ्यावा अशी ताकीद होती, आणि रंग बदलताना दर वेळी धागा तोडा, वीतभर शेपूट सोडा आणि नवा धागा गाठ मारून जोडा, असा नियम होता. साहजिकच गुंडी लवकर संपे आणि नवी घ्यावी लागे. त्यातील तांबड्या धाग्याचा रंग कच्चा होता. पहिल्याच धुण्यात तो पांढऱ्यावर उतरला. त्यावर ‘‘मिठाच्या पाण्यात बुडवायचं होतं’’ एवढेच ऐकायला मिळाले. पुढे मी हिंगणघाटहून एका विशिष्ट छटेचा नारिंगी धागा स्वतः आणला. त्याबद्दलही बोलणी खावी लागली. शिवाय हाताला वळण लागावे म्हणून, ‘सराव’ या नावाखाली, आम्हा सर्वांकडून साध्या झालरी विणून घेतल्या जात, त्या तपासण्यासाठी म्हणून बाई ठेवून घेत, आणि परत कधीच देत नसत.

उलगडा झाला तो शहरात भरलेल्या एका प्रदर्शनात. बाईंच्या वस्तू तेथे चौकटीत नव्हत्या. विक्रीला ठेवलेले रुमाल दोरीवर टांगलेले होते. त्यांपैकी चाकांच्या विणीचा एक मोठा रुमाल मी हाती घेतला आणि उलटा केला. प्रथम दिसले ते हे की त्यावर एकही गाठ नव्हती, एकही तोडलेले शेपूट नव्हते. सारे रंग एकाच काठाने वर चढत गेले होते. मग मी सुरुवातीच्या काठापासून ओळी मोजू लागले. पहिल्या रंगाची एकच ओळ होती, आणि त्यापुढे प्रत्येक रंगाच्या दोन दोन. आम्हाला मात्र पहिल्या ओळीपासूनच दोन दोन ओळींनी रंग बदलण्यास शिकविले होते. काठाशी आळीपाळीने एकेक अर्धे चाक बसविलेले होते, ज्याचा वर्गात कुणी उच्चारही केला नव्हता. माझा हात घट्ट नव्हता, कधीही नव्हता, हे मला त्या क्षणी तेथे उभ्या उभ्या कळले. आणि त्या रुमालाच्या कडेकडे नजर गेली तेव्हा तिच्यावर माझी नारिंगी झालर शिवलेली होती. तीच छटा, आणि टोक आत ओवून घेण्याची आईने शिकविलेली माझी तीच पद्धत. खाली किमतीची चिठ्ठी टाचलेली होती.

बाई लगबगीने आल्या. मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी रुमाल माझ्या हातातून काढून घेतला, तो सुलटा करून दोरीवर टाकला आणि म्हणाल्या, ‘‘उलटी बाजू बघाची नसते काकू. गिऱ्हाईक बिचकते.’’ झालरीविषयी विचारले तेव्हा त्या दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळल्या.

हे वर्ध्यात घडावे याचे मला अधिक दुःख आहे. ज्या शहरात 1937 च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीकडे नव्या शिक्षणाची आखणी सोपविण्यात आली, आणि हस्तोद्योग यंत्रवत न शिकविता त्यातील प्रत्येक क्रियेचे कारण विद्यार्थ्याला उमगले पाहिजे हा आग्रह ज्या विचाराच्या मुळाशी होता, त्या शहरात कारण दडवून क्रिया विकली जावी! मगनवाडीतील मगन संग्रहालय 1938 सालचे. ग्रामोद्योगाची साधने व प्रक्रिया लोकांनी स्वतः पाहून समजून घ्याव्यात याच हेतूने ते उभे राहिले. आणि झालरी विणणाऱ्या बायकांच्या श्रमांवर दुसऱ्याने दुकान मांडावे, हेही काही नवे नाही. आंध्रातील नरसापूर परिसरात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस रुजविली. तेथील हजारो स्त्रिया घरी बसून विणीत, माल परदेशी जाई, नफा व्यापाऱ्यांच्या पदरी पडे, आणि त्या स्त्रियांना कामगार न मानता फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी मानले जाई. मारिया मीज या विदुषीने 1982 सालच्या आपल्या ग्रंथात ही व्यवस्था उघडी केली. ‘सराव’ हा शब्द आमच्या वर्गात तेच काम करीत होता.

आता विणीची रीत, जी मी त्या रुमालावरून आणि पुढे पुस्तकाशी ताडून निश्चित केली आहे. आरंभीची साखळी दहाच्या पटीत सात अधिक अशी घ्यावी, म्हणजे सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न याप्रमाणे. हा सातचा आकडा आम्हाला सांगितलाच नव्हता, आणि काठाचे अर्धे चाक त्यावाचून बसत नाही. पहिल्या ओळीत, सुईपासून दुसऱ्या घरापासून आरंभ करून दोन मुके खांब घालावेत. मग तीन घरे सोडून एका घरात सात खांबांचा पंखा, पुन्हा तीन घरे सोडून तीन मुके खांब, असे करीत जावे, आणि अखेरीस तीन घरे सोडून शेवटच्या घरात चार खांबांचा अर्धा पंखा घालावा. येथेच, एका ओळीनंतर, रंग बदलावयाचा. दुसऱ्या ओळीत अर्ध्या पंख्यावर दोन मुके खांब आणि तीन साखळ्या घालून दोन पंख्यांमधल्या दरीतले सात टाके, म्हणजे दोन खांब, तीन मुके आणि पुन्हा दोन खांब, एकत्र आवळावयाचे. प्रत्येकावर खांब अपुरा ठेवावा, सुईवर आठ फास जमले की एकदम धागा ओढून घ्यावा, मग तीन साखळ्या, आणि पंख्याच्या माथ्यावर तीन मुके खांब. ओळीच्या टोकाशी उरलेले चार टाके तसेच आवळावेत. हा चाकाचा अर्धा गुच्छ. गुच्छ जेथे मिटतो त्याच डोळ्यात तिसऱ्या ओळीचा सात खांबांचा पंखा येतो, आणि अर्ध्या गुच्छावर अर्धा पंखा. खालचा गुच्छ आणि वरचा पंखा मिळून एक चाक. दोन्ही एकाच रंगाचे असले तरच ते चाक दिसते. पुढे दर दोन ओळींनी रंग बदलावा आणि अर्धे चाक एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यावे. ते गाळले की पट्टी निमुळती होणारच, मग हात कुणाचाही असो.

रंग बदलताना ओळीतील शेवटच्या टाक्याची शेवटची ओढ नव्या रंगाने घ्यावी, म्हणजे सांधा दिसत नाही. दोन ओळी विणून आपण त्याच काठाला परत येतो, म्हणून आधीचे रंग तेथेच वाट पाहात असतात. ते तोडू नयेत, काठाने सैल वर न्यावेत. डोळा असलेला गुच्छ फार करकचून मिटवू नये. बाकी उजेड चांगला असावा, पाठ ताठ ठेवावी, घाई करू नये, हे कोणत्याही कामाला लागू आहेच.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात लोकरीच्या नादी लागू नये. झळाळीचा सुती धागा घ्यावा, आणि एका रंगाच्या सर्व गुंड्या एकाच लॉट नंबरच्या आहेत याची वेष्टनावरून दुकानातच खातरजमा करावी, कारण दुसऱ्या लॉटमधील तोच रंग शेजारी ठेवल्यावर तोच राहत नाही. विणण्यापूर्वी प्रत्येक रंगाचा हातभर धागा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबावा आणि वरून गरम इस्त्री फिरवावी. फडक्यावर डाग उतरला तर तो धागा परत करावा. मीठ, व्हिनेगर यांनी कच्चा रंग पक्का होत नाही, कोणी काहीही सांगो.

शुल्काची पावती पहिल्याच दिवशी मागावी. मी मागितली होती, ‘‘देऊ न नंतर’’ हे उत्तर मिळाले होते. कोणतीही वस्तू सरावाच्या नावाखाली शिक्षिकेकडे राहणार असेल तर तिची लांबी, धागा आणि तारीख वहीत लिहून तिथेच सही घ्यावी, आणि सही देण्यास नकार मिळाला तर वस्तू घरी आणावी. माझ्या भाचीचा रुमाल मी घरी बसून पूर्ण केला, चाके गोल आली, दोन्ही काठ सरळ आले. झालरीच्या धाग्याचा व श्रमांचा हिशेब मी बाईंकडे लेखी मागितला आहे, आणि त्या पत्राची प्रत वर्गातील इतर सर्व स्त्रियांना दिली आहे, कारण त्यांच्याही झालरी कुठल्या ना कुठल्या रुमालाला शिवलेल्या आहेत.