बंद गाडी आणि विद्युत परिपथाचा पाठ



परवा नाशिकच्या थंडीत, ऐन शाळेच्या वेळी माझी जुनी मोटारसायकल अडली. बटन दाबलं की नुसतं 'टक्'. किक मारून शाळा गाठली. गॅरेजवाला म्हणाला, "सर, बॅटरी बदला." महिनाअखेर होती! म्हटलं, मुलांना शिकवतो ते आधी आपणच करून पाहू.

१) 'टक्' आवाज येतो, म्हणजे फ्यूज, बटन बहुधा ठीक. आवाजच नसता तर आधी फ्यूज व किल स्विच पाहिला असता.

२) मल्टिमीटरने बॅटरी मोजली : १२.६ व्होल्ट. बटन दाबून धरलं तरी फारशी उतरली नाही. म्हणजे बॅटरीत दम आहे, पण प्रवाह पुढे जात नाही.

३) टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर! चावी बंद करून आधी ऋण, मग धन वायर काढली. पॉलिश पेपरने घासलं. जोडताना आधी धन, मग ऋण. गाडी एका बटनात सुरू!

वर्गात हाच पाठ टॉर्चचे सेल, बल्ब आणि गंजलेली तार घेऊन द्या. गाडीच्या बॅटरीत आम्ल असतं, तिथे मुलांचा हात नको.

गणित चुकलं की आपण मुलाला लगेच 'कच्चा' म्हणतो. त्याचीही जोडणी कुठल्या पायरीवर तुटली, ते आधी पाहूया.